पाण्याखालचा श्वास



गुरुजींनी यंदा भित्तिपत्रकासाठी एक शास्त्रीय लेख लिहायला सांगितला, तेव्हा मी लगेच हात वर केला. कारण मला पाणबुड्यांच्या रेग्युलेटरविषयी सांगायचे होते. तुम्ही म्हणाल, आपल्या धाराशिव जिल्ह्यात समुद्र कुठला आणि पाणबुडे कुठले? पण आपल्याकडे विहिरी आहेत, आणि विहिरीत बुडी मारणारी माणसे घरोघरी आहेत. म्हणून हा लेख सर्वांनी वाचावा.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीतल्या पाईपाच्या फुटबॉलमध्ये कचरा अडकला. (हा खेळायचा फुटबॉल नव्हे. पाईपाच्या खालच्या टोकाला असतो तो.) तात्यांनी दोन-तीनदा बुडी मारली. वर आले तेव्हा डोळे लालबुंद आणि धाप लागलेली. ते पाहून दादाने आणि मी एक युक्ती काढली. रबरी नळीचे एक टोक काठावर ठेवायचे आणि दुसरे तोंडात धरून खाली जायचे. मग पाहिजे तितका वेळ पाण्यात राहता येईल!

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा नळी घेऊन दहा फूट खाली गेला. मी काठावर नळी धरून बसलो. क्षणात दादा वर आला आणि खोकायला लागला. म्हणाला, "लई जोर लावला, पण हवाच ओढंना. छातीवर कुणी बसल्यावानी झालं." तेवढ्यात आबा आले. "काय करायलालाव रे? जीव वर आलाय का तुमचा?" असे म्हणून त्यांनी नळी काढून घेतली.

नळीला भोक नव्हते. मग हवा का आली नाही? याचे उत्तर मला दिवाळीच्या सुट्टीत मिळाले. मामांबरोबर आम्ही मालवणला गेलो होतो. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात लोक पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरतात. याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. जवळच तारकर्लीला याचे शिक्षण देणारी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची संस्था आहे. मामा उतरले. मी होडीतच बसलो. पण शिकवणाऱ्या काकांनी ते यंत्र माझ्या तोंडात धरून मला श्वास घ्यायला लावला. ओढले की "सुस्स" करून हवा येते, थांबले की बंद! मी त्यांना आमच्या नळीची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी सगळे नीट समजावून सांगितले, ते असे :

आपल्या अंगावर हवेचा दाब असतो. तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो. आत फुप्फुसातही तेवढाच दाब असतो, म्हणून आपल्याला तो कळत नाही. पाण्यात मात्र दर 10 मीटरला, म्हणजे 33 फुटांना, आणखी तेवढाच दाब वाढतो. दादा दहा फुटांवर, म्हणजे 3 मीटरवर होता. तिथे छातीच्या 10 सेंटिमीटर लांब आणि 10 सेंटिमीटर रुंद एवढ्याशा तुकड्यावर सुमारे 30 किलो जादा भार पडतो! नळीतली हवा मात्र वरच्याच दाबाची. मग एवढा भार उचलून छाती फुगणार कशी? म्हणून खाली जायचे तर हवाही त्या खोलीच्या दाबाचीच मिळाली पाहिजे. हे काम रेग्युलेटर करतो.

आपल्या घरी गॅसच्या टाकीवर रेग्युलेटर असतो. टाकीतल्या गॅसचा जोर फार असतो. रेग्युलेटर तो कमी करून शेगडीला सोडतो. पाणबुड्यांचा रेग्युलेटर हा त्याचाच हुशार भाऊ. पाठीवरच्या टाकीत हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे 200 पट दाबाने भरलेली असते. (पुष्कळ लोकांना वाटते की टाकीत नुसता ऑक्सिजन असतो. तसे नाही, बहुधा आपली साधी हवाच गाळून भरतात.)

या रेग्युलेटरचे दोन भाग असतात. पहिला भाग टाकीच्या तोंडावर असतो. तो 200 चा दाब उतरवून बाहेरच्या पाण्याच्या दाबापेक्षा सुमारे 10 ने जास्त एवढाच ठेवतो. दुसरा भाग वाटीएवढा असून तोंडात धरतात. त्यात एक रबरी पडदा असतो. पडद्याबाहेर पाणी, आत हवा. आपण श्वास ओढला की पडदा आत येतो, तरफ दाबली जाते, झडप उघडते आणि हवा येते. पाणीच पडद्याला रेटत असल्यामुळे हवा बरोबर त्या खोलीच्या दाबाची मिळते. ओढणे थांबले की झडप बंद. सोडलेला श्वास दुसऱ्या एका रबरी झडपेतून बुडबुडे होऊन जातो. ती झडप हवा बाहेर सोडते, पण पाणी आत येऊ देत नाही. आपला फुटबॉलसुद्धा असाच एकमार्गी असतो.

याचा शोधही मजेदार आहे. 1860 च्या सुमारास फ्रान्समध्ये रुकेरोल नावाच्या खाणीतल्या इंजिनिअरने असे यंत्र केले, ते खाणीतल्या विषारी हवेत माणसे वाचावीत म्हणून. पुढे ते पाणबुड्यांसाठी वापरले गेले. नंतर दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा मोटारगाड्या गॅसवर चालवण्यासाठी गान्यां या इंजिनिअरने एक झडप बनवली होती. 1943 साली त्याने आणि कुस्तो या नौदल अधिकाऱ्याने तीच झडप सुधारून पाण्याखाली वापरली.

मी काकांना विचारले, "सगळ्यात चांगला रेग्युलेटर कोणता?" त्यांनी स्कूबाप्रो, अ‍ॅक्वालंग, एपेक्स, पोसायडन अशी नावे सांगितली. पण म्हणाले, "नावापेक्षा गुण बघ." टाकी भरलेली असो की संपत आलेली, श्वास सारखाच हलका यावा. गढूळ पाण्यात पहिल्या भागात गाळ शिरू नये; यासाठी दट्ट्याऐवजी पडद्याचा, झाकबंद प्रकार बरा. दुरुस्ती जवळपास होणारी असावी. आणि तोंडात धरायचा आणखी एक जादा भाग असावा. तो बहुधा पिवळा असतो, सोबत्याची हवा संपली तर त्याला देण्यासाठी. मला हा पिवळाच सर्वांत आवडला.

शेवटी त्यांनी एक नियम सांगितला. रेग्युलेटरने श्वास घेताना वर येताना दम कधी रोखायचा नाही. 10 मीटरवरून वर येईपर्यंत फुप्फुसातली हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून शिकल्याशिवाय हे यंत्र वापरू नये.

घरी आल्यावर मी हे सगळे तात्यांना सांगितले. ते म्हणाले, "आपल्याकडं ते यंत्र न्हाई, पण अक्कल तर हाय." आता आमच्याकडे नियम झाला आहे : विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि काठावर दोन मोठी माणसे. एकट्याने बुडी मारायची नाही. आधी पाईपच वर ओढून फुटबॉल साफ करता येतो का ते बघायचे.

पालकांना माझी एक विनंती आहे. जुन्या, बंद विहिरीत किंवा आत इंजिन चालवलेल्या विहिरीत खराब हवा साचते. दोराने दिवा सोडला आणि विझला, तर मुळीच उतरू नका. विझला नाही तरी निर्धास्त राहू नका, कारण इंजिनाच्या विषारी धुराने दिवा विझत नाही, माणूस मात्र मरतो. एक जण आत पडला म्हणून दुसऱ्याने तसेच आत उतरू नये. आधी हाका मारून माणसे गोळा करावीत.

मित्रांनो, नळीची युक्ती तुमच्याही डोक्यात आली असेल. ती सोडून द्या. आमचा दादा वर आला, हे आमचे नशीब.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी