बधिर चट्टा : एका वैद्यकीय संज्ञेचा मागोवा

त्वचेवरचा फिकट किंवा लालसर डाग, जो खाजत नाही, दुखत नाही आणि ज्यावर कापूस फिरवला तरी कळत नाही, त्याला वैद्यकात ‘बधिर चट्टा’ म्हणतात. कुष्ठरोगाची ही प्रमुख खूण. पनवेल तालुक्यात नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ आहे. अशा संस्थांना ज्या विकृतींमुळे पुनर्वसनाचे काम हाती घ्यावे लागले, त्यांतील बऱ्याचशा विकृतींचे मूळ या बधिरतेत आहे.

संस्कृतात ‘बधिर’ म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. प्राकृतातून ‘बहिर’ होत मराठीत त्याचा ‘बहिरा’ झाला आणि तो कानापुरता राहिला. मूळचा तत्सम शब्द मात्र, बोलीत ‘बधीर’ होऊन, कातडीला आणि हातापायांना लागला. म्हणूनच ऐकण्याविषयी बोलताना ‘कर्णबधिर’ असे नेमके सांगावे लागते. आयुर्वेदाने या लक्षणासाठी वेगळे शब्द वापरले. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठाच्या लक्षणांमध्ये ‘स्पर्शहानि’ आणि ‘त्वक्स्वाप’, म्हणजे त्वचेचे निजणे, यांची नोंद आहे. मात्र आयुर्वेदातील ‘कुष्ठ’ या संज्ञेत त्वचेचे इतरही अनेक विकार येतात.

युरोपात ग्रीक धातूंवरून ‘ॲनस्थेशिया’ हा शब्द आला. त्याचा अर्थ संवेदनेचा अभाव. १८४६ मध्ये ईथरच्या प्रयोगानंतर ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी तो शस्त्रक्रियेतील भुलीसाठी सुचवला. पुढच्याच वर्षी नॉर्वेतील डॅनियलसन आणि बेक यांनी कुष्ठरोगाचे गाठींचा आणि बधिरतेचा असे दोन प्रकार मांडले. मुंबईत हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी कुष्ठरोगातील मज्जातंतूंचा अभ्यास केला. १८७३ मध्ये हॅन्सन यांना रोगाचा जंतू दिसला.

हा जंतू शरीराच्या थंड भागांत, म्हणजे त्वचेत आणि तिच्याजवळून जाणाऱ्या मज्जातंतूंत वाढतो. तो अतिशय संथ आहे. दुप्पट व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत अनेक वर्षे जाऊ शकतात. ऊन-थंड आणि हलका स्पर्श यांची जाणीव सहसा आधी जाते. घाम आटून त्वचा कोरडी पडते. कोपराजवळची, गुडघ्याच्या बाहेरची आणि घोट्याजवळची नस जाड झालेली हाताला लागते.

तपासणीत रुग्णाला डोळे मिटायला सांगतात, पेनाचे टोक किंवा कापूस हलकेच टेकवतात आणि जागा बोटाने दाखवायला सांगतात. प्रत्येक बधिरता मात्र कुष्ठाची नसते. मधुमेहात ती बहुधा दोन्ही पायांच्या बोटांपासून मोज्यासारखी वर चढते. कुष्ठरोगात ती चट्ट्यापुरती किंवा एखाद्या नसेच्या क्षेत्रापुरती असते.

बोटे झडतात ती जंतू खातो म्हणून नव्हे. चटका कळत नाही, काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते आणि हाड झिजते. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला हेच दाखवून दिले. म्हणूनच हाता-तळपायांची बधिरता, विकृती दिसत नसली तरी, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात पहिल्या श्रेणीची अपंगता ठरते.

१९८१ मध्ये संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही औषधे पाचपर्यंत चट्टे असल्यास साधारण सहा महिने, अधिक असल्यास बारा महिने देतात. त्यांनी जंतू मरतो. नसेची हानी ताजी असेल तर स्टेरॉइडने संवेदना परतू शकते. जुनी बधिरता बहुधा कायम राहते. त्यामुळे औषध संपल्यावरही मऊ रबराची पादत्राणे आणि रोज हातपाय पाहण्याची सवय हा उपचाराचाच भाग असतो.