लॅपटॉप स्लो झालाय की हार्ड डिस्क चाललीये?

या आठवड्याचा एपिसोड ज्यांना ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय.

गेल्या रविवारी मावसबहिणीचा फोन आला. "दादा, लॅपटॉप चालू व्हायला दहा मिनिटं लागतात. मधेच आतून टक-टक असा आवाज येतो. फॉरमॅट मारू का?"

मी म्हटलं, "थांब! प्रोजेक्ट रिपोर्टची दुसरी कॉपी कुठेय?"

"नाहीये ना. सगळं लॅपटॉपमध्येच." आणि सबमिशन नऊ दिवसांवर.

मला माझं बीटेकचं शेवटचं वर्ष आठवलं. तेव्हा हीच लक्षणं होती आणि मी हुशारी करून रात्रभर डिस्क रिपेअर लावून झोपलो. सकाळी डिस्क दिसेचना. चार महिन्यांचा कोड गेला. तेव्हापासून नियम एकच: आधी डेटा बाहेर, मग दुरुस्ती.

कारण सोपं आहे. हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरतात. खराब झालेला भाग वाचता आला नाही की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. अशा वेळी पूर्ण स्कॅन लावणं म्हणजे पाय मुरगळलेल्याला पळायला लावणं.

म्हणून बहिणीने आधी रिपोर्ट पेन ड्राइव्हवर घेतला, मग फोटो. मग आम्ही तपासणीला बसलो.

पहिली पायरी: टास्क मॅनेजर. डिस्क 100 टक्के दिसते म्हणून लगेच घाबरू नका. मेमरीसुद्धा भरलेली असेल, तर कदाचित रॅम कमी पडतेय. पण मेमरी मोकळी, डिस्क 100 टक्के आणि वाचण्याचा वेग मात्र सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही? मग संशय डिस्कवरच.

दुसरी पायरी: 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तीच हे दाखवतं. 05, सी5 आणि सी6 या ओळींतला शेवटचा आकडा बघा. तो शून्य नसेल आणि वाढत असेल, तर डिस्क बदलायची वेळ आली. फक्त सी7 वाढत असेल, तर दोष बऱ्याचदा केबलचा किंवा कनेक्शनचा असतो. उगाच नवीन डिस्कचा खर्च करू नका!

बहिणीचा सी5 अर्ध्या तासात वाढला. निकाल लागला.

नवीन घेताना एसएसडीच घ्या. पण आधी लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा बसते की एम.2, ते बघा. एम.2 मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असतात; दिसायला सारखे, पण एकाच्या जागी दुसरा चालेलच असं नाही.

आणि हो, टक-टक सतत चालू असेल, डिस्क दिसतच नसेल आणि आतला डेटा लाखमोलाचा असेल, तर लॅपटॉप बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. घरगुती प्रयोग नकोत.

बहिणीचा रिपोर्ट वाचला. कॉलेज ट्रिपचे काही फोटो मात्र कॉपी झालेच नाहीत. एसएसडी बसवल्यावर ती म्हणाली, "दादा, आता बॅकअप कधी घेऊ?"

आजच. तुम्हीसुद्धा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!