दुसऱ्याचं सोंग घेताना

आपल्या सुरगाण्याकडे सोंग हा शब्द दोन अर्थांनी चालतो. पोर उगाच रडायला लागलं की आपण म्हणतो, “सोंगं करू नको.” आणि बोहाड्यात मुखवटा बांधून संबळाच्या तालावर माणूस नाचतो, तेही सोंगच. रावणाचं सोंग घेतलेल्याची चाल वेगळी, नरसिंहाची वेगळी. पोरं ते बघतात आणि पुठ्ठ्याचे मुखवटे करून अंगणात तोच खेळ मांडतात. दुसऱ्याच्या जागी जायची ही हौस मुलांना आपल्याबद्दल आणि इतरांबद्दल बरंच काही शिकवू शकते.

पण कोणत्या वयात? घरीच करून बघा. थोरलीसमोर गूळ डब्यात ठेवा. ती पाण्याला गेली की धाकट्यासमोर तो काढून टोपलीखाली लपवा. मग धाकट्याला विचारा, “ताई आली की गूळ कुठं शोधेल?” तीन वर्षांचं पोर बहुतेक वेळा सांगतं, टोपलीखाली. आपल्याला माहीत ते ताईलाही माहीत, असंच त्याला वाटतं. साधारण चार-पाच वर्षांचं झालं की ते म्हणतं, डब्यात. म्हणजे ताईच्या डोक्यात वेगळं असू शकतं, हे त्याला कळायला लागलं. फार लहान पोराला “तिला काय वाटलं असेल?” म्हणून रागावण्यात अर्थ नाही, तो यामुळे.

आता खऱ्या अडचणीकडे येते. दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. सोबत गेलेली मुलं परततात, तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो. वाचताना ती अडखळली की मागच्या रांगेतून हसू फुटतं. हसणारी पोरं काही वाईट नसतात. “हसू नये” असं सांगितलं की आपल्यासमोर हसत नाहीत, एवढंच.

त्यापेक्षा ओट्यावर पाच-सहा पोरं बसवा आणि शाळा मांडा. एक गुरुजी, दोन-तीन हसणारी, एक बागेवरून आलेली गंगी. नाव गावात कुणाचंच नसेल असं घ्या. गंगीच्या हातात पुस्तक द्या, पण उलटं धरून. आता वाच म्हणा. चांगलं वाचणारं पोरही अडखळतं, कान लाल होतात. दोन मिनिटांत खेळ थांबवा आणि तिला विचारा, “घशात काय झालं? कुणाकडं बघावंसं वाटलं?” हसणाऱ्यांनाही विचारा. मग जागा बदला. शेवटी पुन्हा एकदा खेळा, या वेळी कुणीतरी वेगळं वागायचं. कसं, ते पोरांनाच ठरवू द्या. आपण उत्तर पुरवलं की तो खेळ न राहता धडा होतो.

जिला खरंच हसतात तिला गंगी करू नका. तिला गुरुजी करा, नाहीतर नुसतं बघू द्या.

नक्कल आणि सोंग यांतला फरकही सांभाळा. तोतऱ्या मुलाचं बोलणं करून दाखवलं, लंगडून दाखवलं, की ती नक्कल. सगळे हसतात आणि दुखावलेला आणखी दुखावतो. म्हणून पोराला “तोतरं बोल” असं कधी सांगू नये. सांगायचं असं, “तुला महत्त्वाचं काही सांगायचंय आणि बाकीचे तुझं वाक्य पुरं होऊ देत नाहीत.” बोलणं त्याचं स्वतःचंच राहतं, अडचण मात्र दुसऱ्याची येते.

शाळांनाही हा खेळ नवा नाही. 2009 साली बीड जिल्ह्यात सुरू झालेल्या ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रमात गटातल्या खेळांबरोबर भूमिका करणंही आहे.

घरी आणखी एक करता येईल. मे महिन्यात दुपारी मुलाच्या डोक्यावर रिकामा हंडा द्या, तो आई. आणि तुम्ही मूल व्हा: “भाकर दे, आत्ता दे!” तो तुम्हाला काय म्हणतो ते ऐका. रोजचा आपलाच आवाज ऐकू येईल. कधी कधी तो ऐकवत नाही. मुलग्यांना हंडा आवर्जून द्यावा, असं माझं मत.

खेळ संपला की सोंग उतरवायला विसरू नका. चेहऱ्यावर पाणी मारायला लावा, पोराला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारा. मध्येच कुणी रडलं, तर खेळ तिथंच सोडा. त्याला जवळ घेऊन बसा, सगळ्यांसमोर कारण विचारू नका.