सिरसाळ्याहून एकटी निघालेली लेक

परळी-बीड रस्त्यावरचे सिरसाळा तसे स्वतःपुरते पुरेसे गाव आहे. बाजार आहे, शाळा आहे, पोलीस ठाणे आहे. पण मुलगी बारावी झाली की गाव अपुरे पडते. नर्सिंग करायचे तर अंबाजोगाई, पदवीनंतर पुढे शिकायचे तर छत्रपती संभाजीनगर, आणि नातेवाइकांपैकी कोणाची मुलगी आझम कॅम्पसला असेल तर पुणे. रेल्वे पकडायची तर आधी परळी गाठायची. 17 सप्टेंबर 2025 रोजी बीडला पहिली रेल्वे आली खरी, पण परळीपर्यंतचा रस्ता तिला अजून गाठायचा होता. प्रत्येक वेळी अब्बांनी रोजगार बुडवून किंवा भाईने दुकान बंद ठेवून सोबत जायचे, हे महिन्यातून एकदा जमते, दर आठवड्याला जमत नाही. मग रात्रीच्या जेवणानंतर घरात तो प्रश्न निघतोच: एकटी कशी पाठवायची?

ही काळजी खोटी नाही, आणि आई-बापाच्या काळजीला मागासलेपणा म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पण या काळजीतून घरात एक गोष्ट नकळत घडते, ती आधी सांगितली पाहिजे. टमटममध्ये कोणी मुद्दाम खेटून बसला, एस.टी.च्या गर्दीत कोणी हात लावला, कोणी रोज मोटारसायकल घेऊन मागे येऊ लागला, तर पुष्कळ मुली घरी तोंड उघडत नाहीत. कारण त्यांना माहीत असते की पहिला निर्णय त्या माणसाबद्दल होणार नाही, कॉलेजबद्दल होईल. "उद्यापासून घरी बस." गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसरीला. मागे लागणाऱ्यालाही हे चांगले ठाऊक असते. मुलगी घरी सांगणार नाही, या भरवशावरच त्याची हिंमत वाढते.

पुण्याच्या स्वारगेट स्थानकात 25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे काय झाले ते साऱ्या महाराष्ट्राने वाचले. फलटणकडे निघालेली एक तरुणी बसची वाट पाहत होती. एक माणूस जवळ आला, 'ताई' म्हणून बोलला, तुमची गाडी तिकडे लागली आहे असे सांगून तिला उभ्या असलेल्या एका शिवशाही बसकडे घेऊन गेला. आत अंधार होता. लोक झोपले असतील, चढून बघा, असे त्याने सांगितले. पुढे बलात्कार झाला. नंतर जाहीरपणे विचारले गेले की तिने आरडाओरडा का केला नाही. अंधाऱ्या बंद गाडीत कोंडलेल्या मुलीला हा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्या स्थानकात पहारा कोण देत होते, उभ्या गाड्यांचे दरवाजे उघडे कसे होते, हे आधी विचारायला हवे होते.

या घटनेतली आणखी एक गोष्ट मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिली. ती तरुणी दुसऱ्या बसने गावाकडे निघाली होती. वाटेत तिने ओळखीच्या व्यक्तीला फोनवर झालेले सांगितले. पलीकडून तिला पोलिसांकडे जा असे सांगण्यात आले, आणि ती उतरून मागे फिरली, तक्रार दिली. तीन दिवसांत आरोपी शिरूर तालुक्यातल्या त्याच्या गावाच्या शिवारातून पकडला गेला. त्या फोनवर पलीकडून ओरडा मिळाला असता तर? पहाटेच्या गाडीने कशाला गेलीस, असे कोणी म्हटले असते तर? आपल्या घरातल्या मुलीचा असा फोन आला तर पहिले वाक्य काय असेल, हे प्रत्येक आई-बापाने आजच ठरवून ठेवावे.

आता सफरीच्या तयारीबद्दल. बीडकडून पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या अनेकदा अंधार असतानाच पोचतात. खासगी ट्रॅव्हल्स वाघोलीपासूनच नगर रस्त्यावर प्रवासी उतरवत जातात, तेही पुलाखाली किंवा बंद दुकानांसमोर. शिवाजीनगरचे एस.टी. स्थानक वाकडेवाडीला हलवलेले आहे, हे नवख्या मुलीला माहीत नसते आणि रिक्षावाल्याला ते बरोबर कळते. म्हणून तिकीट काढतानाच गाडी कुठे आणि किती वाजता सोडते ते विचारावे. पहाटे साडेतीनला पोचवणाऱ्या गाडीपेक्षा सकाळी सिरसाळ्याहून निघून दुपारी पोचणारी साधी लाल गाडी कधीही बरी. अंग दुखेल, पण उजेड असेल. आणि अंधारात पोचलोच, तर उजाडेपर्यंत स्थानकातून बाहेर पडू नये. चौकशीची खिडकी, चहाचा स्टॉल, इतर बायका-मुले बसलेली असतील तिथेच बसावे. आपली गाडी कोणती, हे फक्त चौकशीच्या खिडकीवर किंवा गणवेशातल्या वाहकालाच विचारावे. कोणी आपणहून सांगायला आला, मग तो ताई म्हणो की आपा म्हणो, तर "हो, माझा भाऊ येतोय" एवढे बोलून जागेवरच राहावे. दिवे बंद असलेल्या गाडीत चढायचे नाही.

17 मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले. पैशांचा फायदा झालाच, पण आमच्या मते दुसरा फायदा मोठा आहे: गाडीत बायका वाढल्या. दहा बायका बसलेल्या गाडीत वातावरणच निराळे असते. म्हणून एकट्या मुलीने दुसऱ्या बाईशेजारी जागा बघावी, आणि वयस्क खालांनी आपल्या शेजारी मुलीला हाक मारून बसवावे. संध्याकाळी शेवटची एस.टी. चुकली की काळी-पिवळी किंवा टमटम हाच मार्ग उरतो. त्यात इतर बायका असतील तरच बसावे. गाडीचा नंबर मोठ्या आवाजात, चालकाला ऐकू जाईल असा, फोनवर घरी सांगावा. फोन लागला नाही तरी बोलल्यासारखे करावे. दिल्लीत 16 डिसेंबर 2012 च्या रात्री ती मुलगी नेहमीची प्रवासी गाडी समजूनच त्या खासगी बसमध्ये चढली होती, हे विसरता येत नाही.

फोनची तयारी घरीच करावी. बहुतेक स्मार्टफोनवर पॉवरचे बटण भराभर दाबले की आपत्कालीन संदेश जातो. कोणत्या फोनवर किती वेळा दाबायचे हे भावाबरोबर बसून एकदा करून बघावे, संकटात शोधत बसू नये. 112 हा पोलिसांचा, 181 महिलांसाठीचा आणि 139 रेल्वेचा क्रमांक आहे. फोनमध्ये आहेत म्हणून थांबू नये, पाठ असावेत, कारण फोनच हिसकावला जाऊ शकतो. पर्समध्ये वेगळी ठेवलेली पाचशेची नोट याच कामाची.

कायद्यातल्या दोन-तीन गोष्टी मुलीलाच नव्हे, तिच्या अम्मीलाही माहीत असाव्यात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 173 प्रमाणे घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. म्हणजे अहिल्यानगरजवळ बसमध्ये छेडछाड झाली तर बीडला किंवा सिरसाळ्यालाही ती नोंदवता येते. "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर चालत नाही. पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेत कलम 78 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. आणि रेल्वे कायद्याच्या कलम 139 प्रमाणे, सोबत पुरुष नसलेल्या बाईकडे तिकीट नसले तरी तिला रात्री अनोळखी लहान स्टेशनावर उतरवून देता येत नाही. जंक्शन, शेवटचे स्टेशन किंवा जिल्ह्याचे ठिकाण असेल तिथेच, आणि तेही दिवसा. तिकीट हरवलेली मुलगी घाबरून नको तिथे उतरते, म्हणून हे सांगितले.

इथवर सारे मुलीने काय करावे हेच झाले. पण कुरआनात, सूरह नूरमध्ये, नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. आपल्या जुम्म्याच्या बयानांत हा क्रम बऱ्याचदा उलटा ऐकू येतो. सूरह कससमध्ये हजरत मूसा (अलै.) मदयनच्या विहिरीवर पोचतात, तेव्हा दोन मुली जनावरे घेऊन बाजूला थांबलेल्या असतात. वडील म्हातारे आहेत, म्हणून घराबाहेर पडलेल्या. तुम्ही इथे एकट्या का, असे त्यांनी दरडावले नाही. अडचण विचारली, जनावरांना पाणी पाजले आणि सावलीत जाऊन बसले. काफिल्यामागे राहिलेल्या हजरत आयेशा (रजि.) यांना हजरत सफवान (रजि.) भेटले, तेव्हा त्यांनी उंट बसवला, त्या स्वार झाल्यावर लगाम धरून पायी चालत राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. तोहमत ठेवणाऱ्यांनी नंतर ठेवलीच, आणि कुरआनने त्या तोहमतीला जे उत्तर दिले तेही सूरह नूरमध्येच आहे. आज बुरख्यातली मुलगी कोणाशी बोलताना दिसली म्हणून तिला रस्त्यात अडवून मोबाइलवर चित्रीकरण करणारी मुले आपल्याच मोहल्ल्यातली असतात. त्यांना आपण गैरतमंद समजतो. त्या मुलीला तेवढ्या क्षणी ज्याची भीती वाटते तो गुंड तेच असतात.

मेहरमचा प्रश्नही काही घरांत येतो. हनफी मसलकीत लांबच्या सफरीसाठी मेहरमची अट आहे. शाफई आणि मालिकी आलिमांनी फर्ज हजसाठी विश्वासू स्त्रियांच्या सोबतीने जाण्यास वाव दिला आहे. भारतात 2018 पासून हज समितीमार्फत 45 वर्षांवरील स्त्रियांना गटाने मेहरमशिवाय जाण्याची सोय झाली आणि 2023 मध्ये चार हजारांहून अधिक स्त्रिया तशा गेल्या. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. आमचे म्हणणे एवढेच की विचारताना प्रश्न पूर्ण सांगावा: मुलगी कुठे जाणार, किती तासांचा रस्ता, सोबत कोण, मुक्काम कुठे. अर्धा प्रश्न विचारला की उत्तरही अर्धेच मिळते.

आणि सोबत म्हणजे नेहमी पुरुषच असे नाही. सिरसाळा, तेलगाव, वडवणी, परळी या पट्ट्यातून एकाच शहरात शिकणाऱ्या मुली किती आहेत, याची यादी मशिदीच्या कमिटीने किंवा एखाद्या शिक्षिकेने केली, तर सुट्टीच्या आदल्या दिवशी चार-पाच जणी एकाच गाडीने येऊ शकतील. त्यात शेजारच्या मराठा, दलित, वंजारी घरांतल्या मुलीही असाव्यात. रस्ता सगळ्यांना तोच आहे.

घराघरात एक खुणेचे वाक्यही ठरवावे. "अम्मी, इस्त्री बंद केली का?" असे काहीतरी साधे. शेजारी बसलेल्याला कळणार नाही, पण घरच्यांना कळेल की लेक अडचणीत आहे. मग प्रश्न विचारायचे ते फक्त हो-नाही उत्तराचे: गाडीत आहेस का, बीड ओलांडले का, 112 लावू का. बाकीचे सगळे ती घरी आल्यावर, जेवण झाल्यावर.