मोहगावच्या दगडातली भरती-ओहोटी

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातल्या मार्केटात नारळ, सुपारी, द्राक्षं हे सगळं एका फेरीत मिळतं. या कुळांचे फार जुने नातलग पाहायचे तर नागपूर ओलांडून पांढुर्णा (2023 पर्यंत छिंदवाडा) जिल्ह्यातल्या सौंसर भागात जावं. तिथे घरोघरी मराठी बोलतात आणि तिथेच हे नातलग दगडात जपणारं मोहगाव कलाँ आहे.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला असताना, दख्खनचा लाव्हा थरावर थर पसरत होता. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तळी साचत, झाडं वाढत. तळ्यात पडलेलं फळ कुजण्याआधीच सिलिका विरघळलेलं पाणी त्याच्या पेशीपेशीत शिरे आणि फळाचा चर्ट होई, म्हणजे गारगोटीच्या जातीचा कठीण दगड. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बियांच्या सालीतल्या पेशीही दिसतात. नुसत्या ठशात ही आतली रचना मिळत नाही, आणि कूळ ओळखायला तीच लागते. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी 1943 साली इथल्या ‘एनिग्मोकार्पॉन’ या फळाचं सविस्तर वर्णन केलं. आतल्या रचनेवरून त्याचं नातं मेंदी-तामणाच्या कुळाशी जुळलं.

हवामानाची सर्वांत बोलकी साक्ष मात्र निपाच्या फळाची. सुंदरबनात या पामला गोलपाता म्हणतात. भरतीचं पाणी पोचतं त्या चिखलात ती वाढते, थंडी तिला सोसत नाही. आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत तिचं फळ सापडतं, म्हणजे तेव्हा खाडी इथवर शिरत असावी. पण सौंसरच्याच चर्टमध्ये ॲझोला हा गोड्या पाण्यावर तरंगणारा नेचाही आहे. म्हणून एकट्या फळावरून निकाल देऊ नये. सगळ्या वनस्पती एकत्र वाचाव्यात. तशा वाचल्या की उबदार, दमट प्रदेश दिसतो, कुठे गोडं तळं तर कुठे खारा चिखल.

साहनींना हे थर त्यानंतरच्या इओसीन काळातले वाटत; किरणोत्सारी कालमापनाने ते अधिक जुने ठरले. त्यांची वर्णनं मात्र आजही कामी येतात.

नागपूरच्या विज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या श्यामला चितळे यांनीही हे चर्ट अभ्यासले. पुढे त्या अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात गेल्या. 2013 साली मध्य भारतातल्या चर्टमधल्या, द्राक्षकुळातल्या तोवरच्या सर्वांत जुन्या फळांना ‘इंडोव्हायटिस चितळेयी’ हे नाव मिळालं. भारत आशियाला भिडण्याआधीच हे कूळ इथे होतं, हे त्यातून कळलं. विदर्भात याची मोठी बातमी व्हायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

सौंसर-नागपूरकडच्या शेतकऱ्यांना एक विनंती: नांगराला फळासारखा किंवा लाकडासारखा दगड लागला तर फोडू नका, विकू नका. जागा नोंदवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला कळवा.