धोंड्यावरचा मदनमहाल

जबलपूरचा मदनमहाल गोंड राजा मदनशाहाच्या नावाने ओळखला जातो. किल्ला म्हणावा तर फारच आटोपशीर. मला तरी ती टेहळणीची चौकीच वाटते. कमाल आहे ती पायाची. मुख्य इमारत ग्रॅनाइटच्या एका प्रचंड धोंड्यावर चढवली आहे. ग्रॅनाइट जमिनीखाली असतानाच त्याच्या भेगांत पाणी मुरतं, ठोकळ्यांचे कोपरे आधी कुजतात. वरची माती वाहून गेली, की उरतात हे गोलसर धोंडे. जवळचा प्रसिद्ध ‘बॅलन्सिंग रॉक’ याच घडणीचा. दोन शिळा जेमतेम टेकलेल्या. २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंप झाला, शहरात आणि आसपासच्या खेड्यांत घरं कोसळली. वरची शिळा मात्र ढळली नाही.