दगडातले पान

मराठीच्या प्राध्यापकाने रविवारची झोप मोडून, डोक्यावर पिवळे शिरस्त्राण चढवून, हातात हातोडा घेऊन दगडाच्या खाणीत उभे राहावे, हे दृश्य एखाद्या विनोदी मासिकाच्या मुखपृष्ठावरच शोभेल. पण गेल्या जानेवारीत तो प्रसंग माझ्यावर खरोखरच ओढवला. त्याला कारण दोन व्यक्ती. एक आमची अकरा वर्षांची कन्या आणि दुसरे आमच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवणारे माझे स्नेही. कॉलेजात सारे त्यांना 'दगडोबा' म्हणतात आणि आपल्याला पदवीच मिळाली आहे, अशा थाटात ते या हाकेला 'ओ' देतात.

झाले असे, की कन्येच्या शाळेत विज्ञान-प्रदर्शन होते. ज्वालामुखीची प्रतिकृती दरवर्षी चार जण मांडतात, तेव्हा हिने जाहीर केले, "मी जीवाश्म मांडणार. तोही विकतचा नाही, स्वतः शोधलेला!"

"दगडच हवा ना?" आमची सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग माळ्यावरचा पाटा-वरवंटा काढ. कोणी हात लावत नाही त्याला. त्याचा जीवाश्मच झालाय!"

पण दगडोबांनी मनावर घेतले. विरारच्या पूर्वेला, महामार्गापलीकडच्या एका खाणीच्या मालकांशी त्यांची ओळख होती. रविवारी काम बंद असते, सुरुंग नसतात. तेव्हा या, पण मुकादमाच्या नजरेआड जाऊ नका, या अटीवर परवानगी मिळाली. सौ.ने पोळी-भाजीचा डबा दिला, मी बोरीवलीहून विरारची गाडी पकडली आणि आमची त्रिमूर्ती मोहिमेवर निघाली.

"एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो," गाडी सुटताच दगडोबा म्हणाले, "आपल्याला बहुधा काहीही मिळणार नाही."

कन्येचा चेहरा पडला. "का हो काका?"

"कारण आपला महाराष्ट्र बराचसा आगीतून घडला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. थरावर थर चढले. आजसुद्धा तो काळा कातळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. लाव्हा म्हणजे अकराशे-बाराशे अंश तापलेला रस. त्यात पान पडले तर उरेल का?"

"मग जीवाश्म मिळतात कुठे?"

"दोन थरांच्या मध्ये! एक उद्रेक झाला आणि पुढे हजारो वर्षे शांतता. तेवढ्यात माती होते, तळी साचतात, बेडूक ओरडू लागतात. मग पुन्हा लाव्हा येतो आणि तळ्यावर झाकण बसते."

आणि त्यांनी वरळीची कथा सांगितली. वरळीच्या टेकडीपाशी अशाच एका मधल्या थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. मुंबईत रेल्वेच्या आखणीचे काम केलेला जॉर्ज क्लार्क हा इंजिनिअर. त्याने मुंबईच्या भूरचनेवर लिहिले आणि त्याच्या लेखाला जोडून १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्या बेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. 'डायनोसॉर' हा शब्द जगाला देणारे ते हेच ओवेन. पुढे १८५२ साली हेन्री कार्टर या डॉक्टरांनी तिथल्याच एका कासवाची नोंद केली. यातला क्लार्क इंजिनिअर, कार्टर वैद्य. दगड फोडणे हा दोघांचाही पोटाचा धंदा नव्हे. हे ऐकून माझ्याही हातातल्या हातोड्याला जरा प्रतिष्ठा आली!

गाडी नालासोपाऱ्याला थांबली, तेव्हा मलाही बोलण्याची संधी मिळाली. हेच प्राचीन शूर्पारक. इथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ब्राह्मी अक्षरे, तीही या काळ्या दगडावर! "तुमच्या दगडाला कोट्यवधी वर्षे झाली असतील," मी दगडोबांना म्हणालो, "पण त्याला वाचा फुटली ती आमच्या अक्षरांमुळे." दगडोबा नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थ मला दुपारी कळायचा होता.

खाण म्हणजे डोंगराला पडलेले भगदाडच. तीन बाजूंना उभा काळा कडा, मध्ये डबराचे ढीग, पलीकडे खडी फोडण्याचे यंत्र मुकाट उभे. एका खोल खड्ड्यात पावसाळ्याचे हिरवट पाणी साचलेले होते. मुकादमांनी आधी ते पाणी दाखवले. "पोरीला तिकडं सोडू नका, मास्तर. पाणी दिसतं शांत, पण तळ न्हाई त्याला. आन् कड्याखाली उभं ऱ्हायचं न्हाई. कवा दगड सुटंल, नेम न्हाई." मुकादम मूळचे सोलापूरकडचे, तीस वर्षे दगडात गेलेली. हा दगड कुठे जातो, असे विचारले, तेव्हा म्हणाले, "खडी हुतो आन् मुंबईला जातो. तुमच्या बिल्डिंगीत बी आसंल की!"

वसईचा दगड फार पूर्वीपासून असा परगावी जात आला आहे. जुन्या गोव्यात १५९४ ते १६०५ या काळात बांधलेल्या बॉम जीझसच्या चर्चमधला काळा घडीव दगड वसईहून नेलेला आहे. तेव्हा तो देवळाच्या खांबाला जाई, आता आमच्या स्लॅबमध्ये जातो, एवढाच फरक.

दगडोबांनी लांबूनच कड्यावरचा एक तांबडा पट्टा दाखवला. हातभर जाडीचा, जणू काळ्या चंद्रकळेचा काठ. "ही दोन लाव्हांमधली माती. वरच्या लाव्ह्याने विटेसारखी भाजून काढलेली. म्हणजे इथे शांतता होती बरे का! शोधायचे तर हिच्यात." त्या थराची खाली पडलेली ढेकळे आम्ही दोन तास फोडली. डोळ्यांना चष्मे, नाकातोंडात तांबडी धूळ. मिळाले काय? माती. काळ्या दगडाच्या पोकळीत मोत्यासारख्या झिओलाइटच्या स्फटिकांचे एक घरटे तेवढे गवसले. मुकादम म्हणाले, असली 'फुलं' त्यांच्या देव्हाऱ्यात पाच-सहा आहेत.

आणि जेवणाच्या आधी कन्येची किंकाळी ऐकू आली. "बाबाऽ! पान!"

मी धावलो. भेगेवर दुभंगलेल्या एका दगडाच्या सपाट अंगावर काळे, नाजूक, फांद्या-उपफांद्यांचे नेचे उमटले होते. कोणी बारीक कुंचल्याने काढावे तसे! मी भान विसरून ओरडलो, "फर्न! अगं, हे कोट्यवधी वर्षांपूर्वीचं फर्न आहे!" तिथल्या तिथे सौ.ला फोन लावून बातमी दिली. मुकादमांनी कौतुकाने मान डोलावली. कन्येने तो दगड आपल्या ओढणीत बाळासारखा गुंडाळला.

दगडोबांनी भिंगातून दगड पाहिला, तिला परत दिला आणि मला बाजूला घेतले.

"ते पान नाही."

"म्हणजे?"

"भेगेत पाणी झिरपते. त्या पाण्यात मँगनीज असते. ते बसत जाते आणि अशी नक्षी उमटते. पानाला मधली शीर असते, पर्णिका क्रमाने असतात. इथे फांदी वाटेल तिथे फुटली आहे. आणि दगड तांबड्या थरातला नाही, लाव्हाचा आहे."

मी ओढणीतल्या त्या बाळाकडे पाहिले. "अहो, राहू द्या ना. शाळेच्या प्रदर्शनात कोण ओळखणार आहे?"

"कोणीच नाही," दगडोबा म्हणाले. "म्हणूनच सांगायला हवे. आणि 'फर्न' तुम्ही म्हणालात, तेव्हा तुम्हीच सांगा."

वाचकहो, वीस वर्षे मी वर्गात अलंकार शिकवतो आहे. 'सारखे', 'जणू' असे म्हटले तर उपमा-उत्प्रेक्षा. 'तेच आहे' म्हटले तर रूपक. हा फरक न करणाऱ्या मुलांचे मी गुण कापले आहेत. आणि आज पानासारख्या दिसणाऱ्या दगडाला 'पानच' ठरवून मी मोकळा झालो होतो. सकाळी सोपाऱ्याच्या अक्षरांचा एवढा तोरा मिरवला. पण दगडावरची प्रत्येक रेघ अक्षर नसते, हे भगवानलालांना ठाऊक होते म्हणून तर त्यांचा शोध खरा ठरला.

डबा संपल्यावर मी तिला सांगितले. ती रडली नाही. बाटलीतले पाणी प्यायली आणि ओढणी सोडून दगड पिशवीत टाकला. परतीच्या गाडीत वसईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. मग म्हणाली, "काका, पाण्याला झाडाचा आकार काढायला कोणी शिकवलं?"

दगडोबांची कळी खुलली. भायंदरची खाडी ओलांडेपर्यंत त्यांनी तिच्या वहीत नदीला मिळणारे ओढे काढले, आभाळातली वीज काढली. नक्षीचे जे टोक पुढे आलेले असते, तिथेच नवा कण आधी पोचून चिकटतो. म्हणून टोक आणखी पुढे जाते आणि त्याला फाटे फुटतात, हे तिला समजावले. ती ऐकत होती. मग माझ्याकडे वळून तिने शांतपणे विचारले, "बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं, तर एवढ्या खात्रीनं का सांगितलंत?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. तोंडी परीक्षेत उत्तर न येणारा विद्यार्थी पाहतो तसा.

प्रदर्शनात तिने तोच दगड मांडला. खाली स्वतःच्या अक्षरात पाटी: 'हा जीवाश्म नाही. हा कसा ओळखावा?' आणि त्याखाली नदी, वीज आणि खऱ्या नेच्याचे वाळवलेले पान. बक्षीस अर्थात ज्वालामुखीला मिळाले. धूर त्यातूनच निघत होता ना!

आता तो दगड आमच्या बैठकीच्या फळीवर आहे. दिवाळीच्या फराळाला आलेले पाहुणे चकलीची बशी हातात घेऊन त्याच्यापुढे हटकून थबकतात. "अरे वा! फर्न का हो हे?" मग कन्या माझ्याकडे पाहते. पाहुण्यांना खरे काय ते सांगायचे, ते मीच, असा तिने दंडक घालून दिला आहे.